हाडाच्या म्हणून काढलेल्या चाव्या

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. जुनी वस्तू बोलायला लागली की तुम्हाला वाटतं, आता ही गेलेले दिवस आठवून उसासे टाकणार आणि शेवटी धूळ पुसा म्हणून गयावया करणार. माझ्याकडून ती आशा ठेवू नका. माझ्या डोक्याकडे बघा. दोन्ही अंगांना भोकं दिसतील, बोट आत जाईल एवढी मोठी. ती उंदरांनी कुरतडलेली नाहीत. चांगल्या शुद्धीवर असलेल्या माणसांनी देवाचं नाव घेऊन ती पाडायला लावली आहेत.

माझा जन्म साहेबाच्या मुलखात कुठेतरी झाला. माझ्या पोटात गावाचं नाव छापलेला कागद चिकटवलेला होता, तो झुरळांनी खाल्ला. मला आठवतो तो सरसाचा वास आणि माझ्या डोक्यावर पितळी पट्ट्या बसवणारा एक जाड बोटांचा माणूस. पट्ट्या दोन, प्रत्येकीवर तीन चाव्या. चावी पिळली की बारीक मळसूत्र फिरायचं, त्याने दातेरी चाक फिरायचं आणि तार आवळली जायची. एकदा आवळली की पुन्हा हात लावेपर्यंत तार जागची हलत नसे. तंबोऱ्याच्या लाकडी खुंट्या हवा पालटली की घसरतात. माझ्या चाव्यांना हवा काय, धक्कासुद्धा कळायचा नाही. त्यांना बोटांत धरायला पांढरी बोंडं होती, थेट हाडासारखी दिसणारी. सगळं रामायण त्या बोंडांवरून झालं.

बोटीतून उतरल्यावर मी सिकंदराबादच्या छावणीत आले, एका गोव्याच्या बँडवाल्याकडे. तो बरा वाजवायचा, पण त्याला हिवताप धरायचा. एका हिवाळ्यात असाच तो कुडकुडत बसला असताना कोहिनूरचा इरप्पा धनगर घोंगड्या विकत दारावर आला. कोहिनूर हे कल्याणीजवळचं आमचं गाव. निजामाच्या राज्यातल्या त्या कोपऱ्यात घरात मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत उर्दू बोलली जायची. बँडवाल्याने इरप्पाच्या दोन काळ्या घोंगड्या ठेवून घेतल्या आणि बदल्यात मला त्याच्या हातात दिलं. घोंगड्यांवर गेले, म्हणून मी वाटभर धुसफुसत होते. पण त्या घोंगड्यांची लोकर जिने कातली होती, तिचा हात मला लागायचा होता.

ती इरप्पाची बायको अनसाबाई. इरप्पाने मला अंगणात तिच्यापुढे ठेवलं.

"हे घे. बिनभोपळ्याचा तंबोरा हाय. वाजतंय का बघ."

"मला वाजवाय येतंय व्हय?"

"मेंढराला तरी कुनी वरडायला शिकिवलंय? वाजीव."

ती खरंच बसली. तारांची नावं तिला ठाऊक नव्हती आणि मीही कधी सांगितली नाहीत. लोकर कातताना ती जी गाणी म्हणायची, त्या आवाजाशी तिने माझी एकेक तार जुळवत आणली. चावी थोडी पिळायची, ऐकायची, मान हलवायची, पुन्हा पिळायची. बँडवाल्याने मला ज्या सुरांत ठेवलं होतं ते सगळे सूर तिने मोडले आणि सहाच्या सहा तारा आपल्या गळ्याच्या चाकरीला लावल्या. मला ते मनापासून आवडलं. उघड्या हाताने ती माझ्यावरून फिरायची तेव्हा माझं पोट भरून यायचं. असं मला छावणीत कधी झालं नव्हतं.

आता हणमंतरावांकडे येते. हणमंतराव आमच्या गावचे माली पाटील, म्हणजे शेतसारा गोळा करणारे, आणि महादेवाच्या देवळातल्या सोमवारच्या भजनाचे पुढारी. आवाज भारदस्त, पण वर चढायला लागला की फाटायचा, आणि ते त्यांना सोडून सगळ्यांना ऐकू यायचं. एका शिवरात्रीच्या गर्दीत देवळातल्या तंबोऱ्याचा भोपळा कुणाच्या तरी गुडघ्याखाली सापडून फुटला. सूर धरायला काही उरलं नाही. तेव्हा हणमंतराव स्वतःच्या पायांनी धनगराच्या अंगणात आले. हे विसरू नका, ते आले होते.

"अनसा, त्यो तुझा बिनभोपळ्याचा घिऊन ये सोमवारी."

"पाटील, मी बाईमानूस. पुढं बसून वाजवू?"

"मी सांगायलाव न्हवं? कोन काय म्हनतंय, बघतो मी."

आणि अनसाबाई पुढे बसली. मृदंगाच्या शेजारी आमची जागा ठरली. आधी ती नुसता सूर धरायची. मग एकदा हणमंतरावांना खोकला झाला आणि तिने एक पद उचललं. देवळात बसलेली माणसं सरसावून बसली. पुढच्या सोमवारी लोकांनीच मागितलं. मग ते दर सोमवारचंच झालं. हुलसूरकडून बैलगाड्या करून माणसं यायला लागली. हणमंतराव लोकांना मिशीवर हात फिरवून सांगत, "आमची अनसा. मीच आनलाव तिला फुडं." माझंही कौतुक व्हायचं. बाया येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या, पोरं माझ्या पोटाच्या भोकात डोकावायची. त्या पांढऱ्या बोंडांना तर सगळ्यांनीच हात लावून पाहिला होता. तेव्हा विटाळ कुठे गेला होता, देव जाणे.

अनसाबाईला त्या सोमवारचं काय वाटायचं, ते मला तिच्या बोटांवरून कळायचं. सोमवारी सकाळपासून ती घाईत असे. एकदा शेजारीण म्हणाली, घरात म्हनत जा की, देवळापर्यंत कशाला तंगडतोड? अनसाबाई म्हणाली, "घरात म्हनले तर मेंढरं ऐकत्यात. तितं मानसं ऐकत्यात गं." एवढंच तिला हवं होतं. तिने दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

मग कल्याणीहून एक अंमलदार दौऱ्यावर आला आणि भजनाला बसला. हणमंतरावांनी ठेवणीतली शेरवानी घातली आणि दोन पदं म्हटली, दोन्ही वरच्या सुरांची. अंमलदार सुपारी कातरत राहिला. अनसाबाईचं पद झाल्यावर त्याने अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाला, "उस बाई का एक और होना जी." तिचं आणखी एक झालं. त्यावर आणखी एक झालं. मी समोरच होते, हणमंतरावांचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. त्यांच्या शेरवानीचं वरचं बटण आत-बाहेर होत होतं.

पुढच्याच सोमवारी आम्ही पायरी चढतोय तोच त्यांनी हात आडवा केला. माझ्या डोक्यापाशी वाकून म्हणाले, "हे बोंडं कशाचे हायेत गं?"

"मला काय म्हाईत, पाटील. पयल्यापासनं हायेत तसेच."

"हाड हाय हे. सायबाच्या मुलखातलं. कुन्या जनावराचं आसंल, तूच समज. इतकी वर्षं देवाच्या फुडं हाड घिऊन बसायलीस तू."

माझी पाठ थोपटणारी बाई पदराला हात पुसायला लागली. मित्रांनो, माझ्या शेजारी रोज बसणाऱ्या मृदंगाच्या दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं होतं. हणमंतरावांच्या त्या शेरवानीला सांबरशिंगाची बटणं होती, ते स्वतःच चारचौघांत सांगायचे. पण मृदंग पाटलांच्या भावकीतला माणूस वाजवत होता आणि शेरवानी खुद्द पाटलांची होती. हाड निघालं ते धनगराच्या बाईच्या मांडीवर. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी देवळाच्या कमानी हलवल्या असत्या.

अनसाबाईने विचारलं, "मग काय करू, सांगा."

"ते काढून टाक. लाकडाच्या खुंट्या बसव. गोमूत्रानं शुद्ध कर. मग ये."

ती हो म्हणाली. मला तिचाही राग आला होता, लपवत नाही. पण तिला सोमवार हवा होता. इरप्पा मेंढरं घेऊन दूर गेलेला, सल्ला घ्यायला घरात कुणी नाही. ती मला पदराखाली घेऊन चनमल्लप्पा सुताराकडे गेली.

चनमल्लप्पाने चावी पिळून बघितली, सोडून बघितली. "अक्का, हे झकास हाय. ह्याला कामून काढायलीस?"

"पाटलांनी सांगितल्यात."

"लाकडाची खुंटी ह्या पोलादी तारंला दम धरनार न्हाई. सारखी घसरंल. आन येकदा भोकं मोठी केली की हे परत बसायचं न्हाई, बघ."

"घसरली तर पिळीन. तू कर, अण्णा."

त्याने पेच काढले. जन्मापासून माझ्या डोक्यावर असलेल्या त्या पट्ट्या निघाल्या तेव्हा मला एकदम हलकं आणि नागडं वाटलं. मग त्याने गिरमिट लावलं. भोकं वाढवताना माझ्या डोक्याचा भुसा त्याच्या मांडीवर पडत होता आणि तो मान खाली घालून "झालं, झालं" असं मलाच म्हणत होता. शिसवाच्या सहा खुंट्या त्याने तासल्या, खडूची भुकटी लावून दाबून बसवल्या. काम त्याने चोख केलं. त्याला मी बोल लावत नाही.

घरी आल्यावर गोमूत्र. शिंपडायचं सांगितलं होतं, पण शेजारच्या बायांना शंका नको म्हणून अनसाबाईने चांगलं तांब्याभर ओतलं. ते माझ्या पोटात गेलं. माझी पाठ एका बाजूने फुगली ती आजही तशीच आहे. त्या आठवड्यात ती रोज मला जुळवायची, आणि अर्ध्या पदात एखादी खुंटी कर्रकन मागे फिरायची. ती पुन्हा तळहाताने दाबून पिळायची. तिच्या तळव्याला घट्टे पडले. एकदा तिने वैतागून मला बाजूला ठेवलं आणि पुन्हा जवळ ओढलं.

सोमवार आला. थंडी होती, देवळाच्या पायरीसमोर माणसांनी शेकोटी पेटवली होती. हणमंतराव घोंगडी पांघरून बसले होते, बाजूला त्यांची बायको सुमनबाई आणि पुतण्या श्रीमंत. हा श्रीमंत टाळ वाजवायचा आणि ताल चुकला की हसायचा. अनसाबाईने मला पुढे धरलं. हणमंतरावांनी एकेक खुंटी निरखली.

"आन जुने कुठं हायेत?"

तिने कमरेचं गाठोडं सोडून पट्ट्या दाखवल्या, बोंडांसकट.

"घरात ठिवलीस व्हय? मग घर बी विटाळलंच की."

अनसाबाई शेकोटीपाशी गेली. "कुनाला शंका नगं आता," म्हणाली, आणि दोन्ही पट्ट्या तिने शेकोटीत टाकल्या.

बोंडांनी भस्सकन पेट घेतला. पांढरी, उंच ज्योत उठली. जवळ बसलेले मागे सरकले, नाकाला पदर आणि उपरणी लागली, कारण हाड जळाल्याची घाण आता येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि वास आला तो कापराचा. थेट आरतीच्या ताटातला वास. तो शेकोटीवरून देवळात शिरला, गाभाऱ्यापर्यंत गेला.

"अगं बया," सुमनबाई म्हणाल्या, "ह्यो तर कापूर हाय!"

होताच. माझी बोंडं हाडाची कधीच नव्हती. हाडासारखं दिसावं म्हणून तिकडच्या कारखान्यांत कापूर घालून एक पदार्थ तयार करतात, त्याची होती ती. मला जन्मापासून माहीत होतं. कुणी मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय बोलणार होते? बोलता येणारी एवढी माणसं तिथे होती. त्यांतल्या एकानेही "पाटील, चुकलंच की आपलं" असं म्हटलं नाही. सगळे शेकोटीत बघत बसले.

अनसाबाई हणमंतरावांकडे बघत होती. आपल्याला आता आत बोलावतील, असं तिला अजून वाटत होतं. मला तिचा श्वास कळत होता.

हणमंतरावांनी घसा साफ केला. "आसू दे. कापूर तर कापूर. खुंट्या तर बऱ्या झाल्या न्हवं? आता वाद्य शुद्ध झालंय. देवाचंच झालं म्हन. ठेव ते हितं. आमचा श्रीमंत वाजवंल. तू बायांत बस जा, मागं."

"पाटील, तुमीच बलावला हुता मला. माझ्या आंगनात येऊन."

"तवाचं तवा. बाईमानसाला किती दिस फुडं बसवायचं?"

तर हे होतं. हाडही नव्हतं आणि विटाळही नव्हता. त्यांना माझे सूर हवे होते आणि तिचा गळा नको होता. एवढी साधी गोष्ट सांगायला त्या माणसाने माझं डोकं फोडायला लावलं होतं. आणि श्रीमंत खरंच हात पुढे करून उठला, हसत.

अनसाबाई पायरीवर बसली. तिने मला मांडीवर आडवं घेतलं. लोकांना वाटलं, ती एकदा वाजवून देणार आहे. तिने पहिली खुंटी पिळली आणि उपसून काढली. तार सुटली, वळवळत माझ्या पोटावर पडली. मग दुसरी काढली. घाई तिने अजिबात केली नाही. प्रत्येक तार जाताना एक लांबट, खाली खाली उतरणारा आवाज करत होती, आणि तेवढाच आवाज देवळापुढे होता. सहाही खुंट्या निघाल्यावर ती उठली आणि त्या तिने हणमंतरावांच्या पुढ्यात, पायापाशी ठेवल्या.

"ह्यात शुद्ध केल्यालं एवढंच हाय. तुमी सांगितलाव म्हून बसवलेलं. तुमचं हाय, देवळात ठिवा. ऱ्हायल्यालं सगळं विटाळाचं हाय, माझ्यावानी. ते मी घिऊन जायले."

मला खांद्यावर टाकून ती निघाली. माझ्या तारा तिच्या पाठीवर घासत होत्या. मागून कुणी हाक मारली नाही. थोड्या वेळाने भजन सुरू झालं, सुराविना, आणि हणमंतरावांचा आवाज वर चढताना फाटला तो आम्हाला वेशीपर्यंत ऐकू आला. मला आनंद झाला. झाला तर झाला, मी काही साधुसंत नाही.

होळीनंतर इरप्पा मेंढरं घेऊन परतला. माझं बोडकं डोकं बघून दारातच थांबला. "कामून केलीस आसं?"

"त्यांला शुद्ध पायजे हुतं. दिले."

त्याने सगळं विचारून घेतलं. मग भिंतीत मेख ठोकून मला लटकवलं. जेवायला बसल्यावर म्हणाला, "बरं केलीस."

अनसाबाई अजून गाते. लोकर कातताना गाते, आणि अंगणाच्या कुडाशी कुणी थांबलेलं दिसलं की तोंड मिटते. माणसांनी ऐकावं म्हणून जिवाचा आटापिटा करणारी बाई आता माणूस दिसलं की गप्प होते. माझ्या डोक्याच्या भोकांपेक्षा मला त्याचाच राग जास्त येतो.

परवा-परवा निजामाचं राज्य गेलं. देवळावर नवा झेंडा लागला, गूळखोबरं वाटलं. हणमंतराव आता अंथरुणाला खिळलेत आणि भजनाचं पुढारपण श्रीमंतकडे आलंय. तो हैदराबादेला गेला होता. तिथून कागदात गुंडाळून त्याने नव्या पितळी चाव्या आणल्या, चकचकीत, अगदी माझ्या जुन्या चाव्यांसारख्या. आमच्या अंगणात आला आणि नरम आवाजात म्हणाला, "काकू, मागचं सोडून द्या. राज्य नवं झालं. चनमल्लप्पाला इचारलाव, भोकं बुजवून ह्या बसत्यात म्हनला. वाद्य देवळाला द्या, चांगलं दिसंल."

मला हाव सुटली, खोटं कशाला बोलू? पुन्हा तार आवळली जाणार, पुन्हा सूर धरणार! किती वर्षं मी भिंतीवर धूळ खात होते.

अनसाबाईने चावी पिळून बघितली. मळसूत्र फिरलं, चाक फिरलं. तिची बोटं ते विसरली नव्हती. मग तिने विचारलं, "आन मी कुठं बसू?"

"तुमी या की. बायांत बसा, मागं. ऐका निवांत."

तिने चाव्या त्याच कागदात नीट गुंडाळल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

मित्रांनो, रिवाजाप्रमाणे मी आता काहीतरी मागायला हवं. मागते. चाव्या काय, बाजारात मिळतात. भोकं बुजवणारा सुतारही आहे. पण मला दुरुस्त करायची कुणाला एवढी हौस असेल, तर त्याने आधी देवळात जावं. मृदंगाच्या शेजारची पुढची जागा झाडून मोकळी करावी, आणि आमच्या अंगणात येऊन तिला म्हणावं, अनसाबाई, चला. ती उठली, की मग माझ्या डोक्याला हात लावा. तोवर मी अशीच बोडकी लटकेन.